सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर इंदूरच्या एका फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत साडेतीन महिने: आमचा अनुभव

आधीच सांगते, कॉलेजचं नाव मी इथे टाकत नाहीये. तिथे तपासणारी सगळी शिकणारी मुलं आहेत, आणि मी चांगलं लिहिणार तसं न पटलेलंही लिहिणार आहे, नाव दिलं की कोणती बॅच आणि कोणता मुलगा हे शोधायला कुणाला पाच मिनिटं लागणार नाहीत. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी आपल्या भागातल्या कॉलेजांच्या ओपीडीत जाऊन चौकशी करावी, काय विचारायचं ते खाली लिहितेय.

आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८३, लोकमान्य नगरात पन्नास वर्षं झाली, अजून नऊवारी नेसतात. मेच्या शेवटी मोरीपाशी पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून अर्धा खुबा बदलला. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. सर्जननी सांगितलं की तीन महिने खुबा नव्वद अंशाच्या पुढे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, आणि खाली जमिनीवर बसणं तर आता कायमचंच बंद. आणि फिजिओ लगेच सुरू करा म्हणाले.

तर आधी आम्ही घराजवळच्या एका सेंटरला गेलो होतो, चकाचक, एसी, भारी मशीनं. तिथे पहिल्याच दिवशी आईंना सांगितलं की माताजी ये साडी नहीं चलेगी, गाउन पहनकर आइए. आईंनी आयुष्यात घराबाहेर गाउन घातलेला नाही. मग नऊवारीचा काष्टा सोडून गुडघ्याच्या वर घेतली साडी, पडदा अर्धाच, समोरच्या बेडवर एक पुरुष पेशंट. आई काही बोलल्या नाहीत. घरी आल्या आणि रात्री जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या मला नाही जायचं, जेवढं चालता येईल तेवढं चालेन. सेंटरवाल्यांना फोन केला तर म्हणे, बुजुर्ग लोग को-ऑपरेट नहीं करते, आपको फोर्स करना पड़ेगा. मला फार राग आला होता, अजून येतो. को-ऑपरेट म्हणजे काय, हे नेहमी पेशंटनीच करायचं का?

कॉलेजच्या ओपीडीचं माझ्या भाचीनी सुचवलं, ती एमबीबीएस करतेय. मला खरं सांगायचं तर शिकाऊ मुलांकडे न्यायचं जिवावर आलं होतं. ओपीडीला एका वेळचे पन्नास रुपये आणि घरी येऊन करायचे दीडशे, इतकं स्वस्त म्हटल्यावर अजूनच शंका.

पहिल्या दिवशी एक मुलगा आणि एक मुलगी अशी इंटर्नची जोडी होती, मागे त्यांना शिकवणाऱ्या मॅडम उभ्या. मुलीनी आधी नमस्कार केला आणि विचारलं आजी म्हणू का. आई म्हणाल्या म्हण. मग तिनी विचारलं की मी तपासू की हा, तुम्हाला कसं बरं वाटेल. बस एवढंच. आईंचे खांदे खाली आले, मी बघत होते. मग साडीचं. ती म्हणाली आजी ये कैसे पहनते हैं मुझे बताइए, आणि आईंनी तिला निऱ्या कुठे, काष्टा कुठून मागे जातो ते सगळं सांगितलं, दहा मिनिटं त्यात गेली. तिला ते खरंच हवं होतं कारण काष्टा खोचताना आई किती वाकतात, पाय किती फाकतो हे तिला बघायचं होतं. शेवटी ठरलं की सध्या नेसवायला मी मदत करायची, आईंनी खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहायचं, आणि व्यायामाच्या वेळी वरून एक धुतलेली चादर. नऊवारी राहिली. व्यायाम पण झाला.

आता भाषेची गंमत नाही, अडचण सांगते. मुलगी भोपाळकडची, मराठी शून्य. तिनी विचारलं, आजी कूल्हे में दर्द है? आईंचा चेहरा लाल! आपल्याकडे कुल्ला म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, परक्या पोरीनी चारचौघांत असं विचारावं म्हणून त्या गप्पच झाल्या. मी सांगितलं की हिंदीत खुब्याला म्हणतात, तेव्हा कुठे. मग आई म्हणाल्या, कळ येते. मुलीनी फॉर्मवर लिहिलं, दर्द कल से. म्हणजे दीड महिन्याचं दुखणं एका दिवसाचं झालं! मी ओरडलेच, कल नाही, कळ. आणि कळ म्हणजे काय हे समजवायला गेले तर मलाच हिंदी शब्द सापडेना, टीस म्हटलं शेवटी. कंबरेत चमक भरली म्हटलं तर हिंदीत चमक म्हणजे चकाकी. पायाला मुंग्या आल्या तर ती चींटी समजणार. आपण इंदूरचे मराठी लोक घराबाहेर सगळं हिंदीत बोलतो, भाजी आणतो, बँकेत भांडतो, पण दुखणं मात्र मराठीतच दुखतं, वय झाल्यावर तर फारच.

तर त्या मुलीनी काय केलं, वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला लागली. कळ, ठणका, चमक, मुंग्या, गोळा, आग, खुबा, मांडी, पोटरी. समोर आईंनी हातानी दाखवलेलं काय ते. ठणका म्हणजे थांबून थांबून, रात्री जास्त. कळ म्हणजे एकदम. आग म्हणजे वरच्या कातडीला. आणि हे नुसतं कौतुकाचं नव्हतं बरं का, तिसऱ्या आठवड्यात आई सहज म्हणाल्या पोटरीत गोळा आलाय. मी म्हटलं असेल, चालणं वाढलंय. पण तिनी पोटरी बघितली, दुसऱ्या पायाशी टेपनी मोजली, थोडी सूज होती, लगेच मॅडमना बोलावलं. मॅडमनी त्या दिवशी व्यायाम बंद करून सरळ सर्जनकडे पाठवलं कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी केली, गाठ नव्हती. पण गोळा हा शब्द तिच्या वहीत नसता तर कुणी बघितलं असतं का, मला नाही वाटत.

यावरून मी मॅडमना विचारलं की हे मुलांना तुम्ही शिकवता का आपोआप येतं. त्या म्हणाल्या शिकवावं लागतं, चांगल्या घरातली मुलंसुद्धा पहिल्या दिवशी पेशंटवर ओरडतात. त्यांच्या ओपीडीच्या फॉर्मवर नाव वय बीपी झालं की खाली काही प्रश्न आहेत. तुम्हाला काय वाटतं, हे दुखणं कशामुळे झालं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? यातून बरं होऊन तुम्हाला काय करता यायला हवंय? मॅडम म्हणाल्या हे मुळात आर्थर क्लाइनमन म्हणून अमेरिकेतले मानसोपचाराचे डॉक्टर आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या प्रश्नांवरून घेतलंय. नर्सिंगमध्ये तर हे त्याही आधीपासून आहे, मॅडेलिन लाइनिंजर नावाच्या नर्सनी आजाऱ्याची सेवा आणि त्याची संस्कृती यांचं नातं हा अख्खा विषयच उभा केला. भाचीनी सांगितलं की एमबीबीएसला पण २०१९ च्या बॅचपासून एटकॉम नावाचा भाग सक्तीचा आहे, वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद, आणि सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवायची असते. आपल्या मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, ते चांगलंच आहे, पण इंदूरमध्ये पेशंटची भाषा म्हणजे मालवी पण, निमाडी पण, भिली पण, मराठी आणि सिंधी पण, नुसत्या हिंदीनी भागत नाही.

भाचीनी अजून एक गोष्ट सांगितली ती मला आजवर कुणी सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर रक्त गोठू नये म्हणून आईंना पोटात इंजेक्शनं दिली होती ना, ते हेपॅरिनच्या जातीचं औषध डुकराच्या आतड्यापासून बनवतात. आई कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात खात नाहीत. जीव वाचवायला आम्ही हो म्हटलं असतंच, आईंनीही म्हटलं असतं, पण आधी सांगायला हवं होतं, हो-नाही आम्हाला म्हणू द्यायला हवं होतं. भाची म्हणाली आम्हाला वर्गात यावर बोलायला लावतात. लावायलाच पाहिजे.

आता तो प्रश्न, काय करता यायला हवंय. मला वाटलं आई म्हणतील चालता यायला हवं. त्या म्हणाल्या, गणपतीत पाटावर बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं म्हणायची आहेत. मुलगा इंटर्न होता तो जरा अडखळला कारण खाली बसणं बंद. पण त्यानी नाही असं एकदम म्हटलं नाही, विचारलं की पाटावर का, जमिनीवर का, नक्की कोणतं महत्त्वाचं आहे. आईंनी विचार केला, आणि म्हणाल्या पाट. नुसत्या खुर्चीत बसून देवाचं म्हणायचं म्हणजे वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं वाटतं. मग त्यांचं दोघांचं डोकं चाललं. हाताची लाकडी खुर्ची, तिच्यावर पाट, तो सरकू नये म्हणून खालून सुती पट्ट्यानी खुर्चीला घट्ट बांधलेला, वर घडी केलेली घोंगडी. पाटामुळे बैठक उंच झाली, आणि खुब्याला तेच पाहिजे असतं, गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतात. त्यानी टेपनी उंची मोजली, मॅडमनी येऊन हलवून बघितलं, आणि गणपती टेबलावर चौरंग ठेवून त्याच्यावर. यंदा आईंनी अकरा आवर्तनं केली तशी बसून.

व्यायामाचं पण सांगते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि पाच सेकंद धरायचा. आईंना पाच सेकंद कळेनात, मुलगा एक दो तीन म्हणायचा तर त्या त्याच्या आधीच सोडून द्यायच्या. मुलीनी विचारलं आजी आप दिनभर मन में क्या बोलते हो. श्रीराम जय राम जय जय राम. तिनी घड्याळ लावून बघितलं, आईंच्या संथ लयीत एक वेळ म्हणायला बरोबर पाच सेकंद. मग दाबलं की एक जप, सोडलं की एक श्वास. दहा जप म्हणजे एक फेरी झाली. आता आई दुपारी मला न सांगता करतात, मी स्वयंपाकघरातून ऐकते.

आहाराचं मात्र ठीकठाकच. त्यांच्याकडे दुसऱ्या कॉलेजच्या डाएटच्या मुली येतात, त्यांनी छापील तक्ता दिला, त्यात ओट्स, ब्रोकोली, पनीर टिक्का. आईंना दात नाहीत. मी परत पाठवला. मग दुसऱ्या मुलीनी नीट विचारून लिहिलं, उपवासाच्या दिवशी नुसता साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, म्हणून दाण्याचं कूट जास्त घाला, शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, दाण्याची आमटी करा, ताक द्या, राजगिरा द्या. हे चाललं.

आणि याच्या उलटंही पाहिलं. आमच्या शेजारचे काका, मराठेच, खांदा आखडला म्हणून माझ्या सांगण्यावरून तिथे गेले. त्यांना मिळालेल्या मुलीनी आडनाव वाचून ठरवलं की मराठी म्हणजे पूजापाठवाले आणि शाकाहारी, अंडी-मटणाचं विचारलंच नाही. काकांकडे रविवारी मटण असतंच असतं! तिच्या हातात एक हँडआउट होतं, मराठी रुग्ण, गुजराती रुग्ण, जैन रुग्ण, बोहरा रुग्ण, प्रत्येकाच्या समोर दोन-दोन ओळी. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं की हा कागद बंद करा, यानी मुलं विचारायची थांबतात. मॅडमना पटलं, म्हणाल्या १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टर बायकांनी, टेर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया, हेच लिहिलं होतं की दुसऱ्याची संस्कृती शिकून संपली असं कधी होत नाही, आपण नम्र राहून विचारत राहायचं. मग तुमच्याच ओपीडीत हा कागद कसा, असं मी विचारलं, त्या म्हणाल्या जुना आहे. पुढच्या वेळी टेबलावर दिसला नाही. त्याच ओपीडीत दुसऱ्या टेबलावर एका जैन मावशींना मुलगा विचारत होता की तुम्ही चौविहार पाळता का, सूर्यास्तानंतर पाणी पण नाही ना, मग रात्रीची दुखण्याची गोळी कधी घेता. मावशी म्हणाल्या घेतच नाही. कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. मुलानी गोळीच्या वेळा बदलून मिळतात का ते डॉक्टरांना विचारायला पर्च्यावर लिहून दिलं. गोळी लिहिणाऱ्यानी हे विचारलं असतं तर बाईंच्या इतक्या रात्री दुखण्यात गेल्या नसत्या.

आता जे सांगायला मला जड जातंय ते. दुसऱ्या महिन्यापासून घरी यायला एक नवा मुलगा होता, अलीराजपूरकडचा, घरी भिली बोलणारा, हिंदी त्यानी शाळेत शिकलेली. हात फार चांगला, धीर फार. आईंनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. त्यानी सांगितलं. आई गप्प. व्यायाम करून घेतला, पण पाणी मी दिलं तेव्हा त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं की तो पेला वेगळा ठेव. मी नाही ठेवला. चार दिवसांनी त्याला देवघराचा उंबरा बघायचा होता, आई वॉकर घेऊन तिथूनच जातात, उंबरा किती उंच, वॉकर कसा पार करायचा. आई म्हणाल्या, तिथे त्याला नको. मुलगा दारातच थांबला, खाली बघत. काही म्हणाला नाही. मी आईंना त्याच्यासमोर म्हटलं की तुमचा पाय रोज हातात घेतो तो, त्याच्या हाताला काही झालं नाही तर त्याच्या पायाला काय होतंय, येऊ दे त्याला आत. माझा आवाज चढला होता. आई काही बोलल्या नाहीत आणि तो आत आला, टेपनी उंबरा मोजला, सव्वाचार इंच, आणि आईंना दाखवलं की चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. दोन दिवस आई माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या, पण त्या विषयावर नाही. त्या बदलल्या असं मी लिहिणार नाही. पेले सगळे एकत्रच घासले जातात, एवढं आता घरात ठरलंय.

मी स्वतः मॅडमना फोन करून सांगितलं आणि माफी मागितली. मॅडम म्हणाल्या आमचा नियम आहे, बाई पेशंटनी मुलगी मागितली तर द्यायची, लाजेचा प्रश्न आहे, पण जात विचारून विद्यार्थी बदलून देत नाही. हा नियम बरोबर आहे. पण त्या मुलानी हे त्यांना सांगितलंच नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, मॅम, फॉर्म में पेशंट का सब लिखते हैं, हमारे साथ क्या हुआ उसका तो कॉलम नहीं है. इथे माझा या ओपीडीवर खरा राग आहे. पेशंटच्या रीती समजून घ्या हे त्यांना चार वर्षं शिकवता, आणि पेशंटच्या रीतींनीच त्यांचा अपमान झाला तर सांगायचं कुणाला, परत त्याच घरी दुसऱ्या दिवशी एकट्यानी जायचं का? मी लेखी दिलंय की घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा कुणीतरी बसवून विचारावं. अजून उत्तर आलेलं नाही, परत जाणार आहे विचारायला.

बाकी तक्रारी नेहमीच्या. इंटर्न बदलतात आणि नव्या मुलाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, ती शब्दांची वही मुलीबरोबर गेली, मी तिच्याकडून फोटो काढून घेतला होता म्हणून नव्यांना दाखवता आला, कॉलेजनी हे फाइललाच लावायला हवं. परीक्षेच्या दिवसांत होम व्हिजिट दहा दिवस बंद होती आणि आधी कळवलं नाही. गर्दी खूप, एका पेशंटला पाऊण तास देतात ते चांगलं आहे पण म्हणून मागचा दीड तास बसतो.

आई आता घरात काठीनी चालतात, खजराण्याच्या गणपतीला जाऊन आल्या, व्हीलचेअर नेली होती पण गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. तो अलीराजपूरचा मुलगा आला होता सुट्टीच्या दिवशी बरोबर, आम्ही बोलावलं म्हणून.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत पर्चा काढा, गाडीला जागा नाही, ऑटोनीच जा. एक्स-रे आणि डिस्चार्जचे कागद न्या, पेशंटसोबत असं कुणीतरी न्या ज्याला त्यांचे शब्द हिंदीत सांगता येतात, आणि घरातला पलंग, खुर्ची, संडासची सीट आणि सगळे उंबरे मोजून उंची लिहून न्या, ते पहिल्याच दिवशी विचारतात.